सावळा चेहरा, नागपूरचं ऊन आणि स्वतःचे फोटो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, रंग सावळा, मानेवाड्याहून हिंगण्याच्या एमआयडीसीत रोज गाडीने जाणं-येणं. सनस्क्रीन लावली की चेहरा राखाडी दिसतो, नाही लावली तर गालांवरचे आणि वरच्या ओठावरचे डाग गडद होतात. घरचे म्हणतात, "आधीच काळी, तुले कायले पायजे सनस्क्रीन?" स्वतःचे फोटो काढायची आवड आहे, पण हल्ली काढलेला प्रत्येक फोटो लगेच डिलीट होतो, कारण चेहरा "कोणी धूळ उडवल्यासारखा" दिसतो. त्यात आईला व्हिटॅमिन डीची काळजी.

मी नागपुरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आणि हे सगळं एकाच बाईच्या तोंडून एकाच बैठकीत ऐकायची मला सवय आहे. राखाडी रंगापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिथेच अडकल्या आहेत.

सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणारे घटक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक खनिज, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दुसरे सेंद्रिय रसायनांचे फिल्टर. ते अतिनील किरण शोषतात आणि त्वचेवर सहसा दिसत नाहीत. खनिजवाले दोन्ही मुळात पांढरी भुकटी आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड तर भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असतं. ही भुकटी अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही विखुरते. गोऱ्या कातडीवर ते खपून जातं, सावळ्या कातडीवर राखाडी किंवा जांभळट झाक येते. त्यातही टायटॅनियम झिंकपेक्षा जास्त पांढरं दिसतं. तेव्हा तुमच्या चेहऱ्यात काही बिघाड नाही, लावण्यातही चूक नाही. ती ट्यूब बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचा रंग नव्हता, एवढंच.

खरं नुकसान त्यापुढे होतं. चेहरा पांढरा दिसतो म्हणून माणूस कमी लावतो. ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा, आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर दिलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या पाव ते अर्धाच थर लावतात, आणि सावळ्या बायका तर पांढरेपणाच्या धाकाने डाळीच्या दाण्याएवढ्यावर थांबतात. मग ट्यूबवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यापर्यंत त्याचा किरकोळ हिस्साच पोचतो. पूर्ण थर दिला तर एसपीएफ ३० लालसरपणा आणणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. म्हणून माझ्या लेखी महागड्या खनिज ५० पेक्षा, भरपूर लावता येईल असं पारदर्शक जेलवालं ३० कधीही बरं. मापासाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. तेवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदाच लावली तरी महिना-दीड महिन्यात संपायला हवी. तीच ट्यूब दिवाळीपासून होळीपर्यंत पुरत असेल तर सनस्क्रीनच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

आता घरच्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही, म्हणूनच ते खोडायला अवघड जातं. मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, उन्हापासून वाचवतं. अतिशय गडद त्वचेचं हे अंगभूत संरक्षण एसपीएफ १३ च्या आसपास मोजलं गेलंय, गोऱ्या त्वचेचं ३ च्या आसपास. आपण भारतीय बहुतेक मधे कुठेतरी बसतो. उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग आपल्यात गोऱ्यांच्या मानाने फार कमी दिसतात, हेही खरं. पण एसपीएफ हा आकडा मोजतो काय? तर उन्हाने येणारा लालसरपणा. सावळी कातडी लाल झालेली दिसतच नाही, म्हणून आपण समजतो की काही झालं नाही. आपल्या त्वचेची तक्रार वेगळी असते: ती भाजून सोलवटण्याऐवजी रंग तयार करत सुटते. रंग बनवणाऱ्या पेशी चटकन चिडतात, कधी उन्हाने, कधी पुटकुळीने, कधी नुसत्या घासण्याने, आणि डाग मागे ठेवतात. एवढ्याशा मुरमाचा डाग सहा-सहा महिने राहतो तो यामुळे.

तुम्ही सांगताय ती जागा, म्हणजे दोन्ही गाल आणि वरचा ओठ, वांगाची नेहमीची आहे. न बघता निदान करत नाही, पण वांगासाठी एक गोष्ट माहीत असायला हवी. त्याला फक्त अतिनील किरण भडकवत नाहीत, दिसणारा प्रकाशही भडकवतो, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. आणि हा परिणाम सावळ्या त्वचेवरच ठळक होतो, अगदी गोऱ्या त्वचेवर जवळजवळ होत नाही. साधं पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनला आणि फाउंडेशनला तपकिरी रंग देणारा घटक. म्हणजे ज्या रंगद्रव्याने पांढरेपणा झाकला जातो, तेच वांगालाही आवर घालतं. सावळ्या माणसाच्या वाट्याला असे योग फार येत नाहीत, तेव्हा हा घ्यावाच. मोबाइलच्या स्क्रीनचा निळा प्रकाश मात्र मनातून काढून टाका. सूर्यापुढे तो नगण्य आहे.

अडचण अशी की बाजारातल्या टिंटेड सनस्क्रीनच्या छटा बऱ्याचदा आपल्यापेक्षा उजळ असतात. नावात 'युनिव्हर्सल' असतं, पण ती ना सगळ्यांची असते ना तुमची. म्हणून मी पेशंटना सांगते, आधी पारदर्शक जेल दोन बोटं पूर्ण लावा, दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, मग वरून आपल्या रंगाचं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट. दोन्ही तळहातावर एकत्र कालवू नका, त्याने सनस्क्रीनचा थर सलग बसत नाही. दुकानात बघायचं तर हाताच्या पाठीवर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या ट्यूबलाइटमधून बाहेर येऊन दिवसाउजेडी पाहा. ट्यूबच्या मागे घटकांच्या यादीत झिंक किंवा टायटॅनियम अगदी वर असेल आणि आयर्न ऑक्साइड कुठेच नसेल, तर ती तुम्हाला पांढरं करणार असं धरून चला. 'पीए' च्या पुढची अधिकाची चिन्हंही बघा. ही जपानी पद्धत यूव्हीए या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी आहे आणि डागांच्या हिशेबात ती एसपीएफइतकीच महत्त्वाची. तीन चिन्हं तरी हवीत, चार असली तर उत्तम. परदेशी ब्रँडच्या मागे लागायची गरज नाही. आपल्याकडच्या कंपन्यांची चांगली जेलं कुठल्याही बऱ्या मेडिकलमध्ये मिळतात.

नागपूरच्या उन्हाबद्दल एक गैरसमज इथे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. आपण उन्हाची तीव्रता अंगाच्या काहिलीवरून मोजतो. पारा ४५ झाला की दुपट्टे, हातमोजे, कांदा-पन्हं सगळं बाहेर येतं, आणि फेब्रुवारीत गुलाबी हवेत सगळे उघड्या तोंडाने फिरतात. अतिनील किरणांना तापमानाशी देणंघेणं नाही, सूर्य किती वर आहे याच्याशी आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्याला तो परत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग आणि गारवा असतो म्हणून कुणी पर्वा करत नाही, आणि ढगांतून बरेच किरण खाली येतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ झाला की काळजी घ्यायला लागावं. आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीही तो त्याच्या वर असतो. मोबाइलच्या हवामानाच्या अॅपमध्ये तो दिसतो. तापमान बघताना तोही बघत जा.

दुपट्ट्याविषयी. नागपुरी मुलींची डोळे सोडून सगळं बांधून घेण्याची पद्धत मला मनापासून आवडते, आणि बाहेरगावचे लोक हसतात तेव्हा मी त्यांना एक मे महिना इथे काढायला सांगते. पण पातळ पांढरा सुती दुपट्टा फार थोडे किरण अडवतो. उजेडापुढे धरा. आरपार दिसत असेल तर दुहेरी करा किंवा घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. घामाने ओला झाला की सुती कापड आणखी कमी अडवतं. आणि दुपट्टा खाली सनस्क्रीन पुसून नेतो. हिंगण्याला पोचल्यावर तोंड धुऊन परत लावा, निदान दुपारी जेवणानंतर तरी लावाच. काचेजवळ बसायची जागा असेल तर विशेष, कारण यूव्हीए खिडकीच्या साध्या काचेतून आत येतं. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथे उन्हाळ्यात इतकं तापतं की मिश्रण फुटतं, पाणी वेगळं आणि तेल वेगळं होतं. तसं झालेलं दिसलं तर फेकून द्या.

माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकींनी काहीतरी करून पाहिलेलं असतं. त्यातलं संत्र्याच्या सालीचं पीठ, बेसन, स्क्रब हे घासण्यामुळे डाग वाढवतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा चक्क भाजते आणि महिनोन्महिने टिकणारा काळा पट्टा उमटतो. पण हे किरकोळ म्हणायचं. खरी भीती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'डाग घालवणाऱ्या' क्रीमची. त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा काचेसारखा नितळ होतो, बहिणीला, वहिनीला शिफारस केली जाते. मग कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मिसरूड येतं, आणि क्रीम थांबवली की आग आग होते. अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे, तरी ती मिळतात. नाव-पत्ता नसलेल्या डबीतली 'गोरं करणारी' क्रीम तर हातातही धरू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडलाय, आणि तो कातडीतून जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. आपल्या महाराष्ट्रात आणि केरळात अशा रुग्णांची नोंद झालेली आहे.

अजून दोन गोष्टी पटकन. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो मळही नाही आणि टॅनही नाही. बऱ्याचदा तो शरीरातल्या इन्सुलिनच्या गडबडीची खूण असतो. घासू नका, साखर तपासा. आणि पायाच्या तळव्यावर किंवा नखाखाली नवा, वाढत जाणारा काळा डाग दिसला तर थेट डॉक्टरकडे. सावळ्या माणसांत मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, दिसतो तो सहसा अशा जागी, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला, त्याचा हाच आजार पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता.

आता फोटो. डॉक्टरला यात काय कळतं, असं वाटेल. पण डाग कमी होतोय की नाही हे मला फोटोवरूनच ठरवावं लागतं, म्हणून सावळ्या चेहऱ्यांचे फोटो काढणं हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. त्यातून मला पक्कं कळलंय की वाईट फोटोचा दोष चेहऱ्याकडे क्वचितच असतो.

कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्या रंगाच्या जवळ आणायचा प्रयत्न करतो. मागे पांढरी भिंत किंवा उजळ आभाळ असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच चित्र अंधारं करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. उपाय सोपा आहे. मागची भिंत पांढरी नको, गडद हिरवी, विटकरी, निळी कसलीही चालेल. फोनच्या स्क्रीनवर आपल्या चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित वर सरकवा. किंचितच. फार सरकवलंत तर चेहरा परत धुरकट होतो.

यंत्रं तरी कुठे निष्पक्ष होती? फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी छपाईच्या लॅबना रंग जुळवायला एक नमुना कार्ड देत असे, त्यावर गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर, असा हिशेब कित्येक वर्षं चालला. फोनच्या कॅमेऱ्यांनी गडद त्वचेचा जाहीरपणे विचार करायला लागून फार काळ लोटलेला नाही: गूगलने पिक्सेल ६ मध्ये 'रिअल टोन' आणलं ते २०२१ मध्ये, आणि समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचारंग-पट्टी स्वीकारली ती २०२२ मध्ये. त्वचेच्या डॉक्टरांचंही वेगळं नव्हतं. आम्ही वापरतो ती फिट्झपॅट्रिकची त्वचेच्या प्रकारांची वर्गवारी १९७५ मध्ये गोऱ्या त्वचेसाठी बेतली गेली, गडद रंगांचे प्रकार तिला मागून जोडले.

फोनमधलं 'ब्युटी' नावाचं सेटिंग आधी बंद करा. बऱ्याच फोनमध्ये ते न विचारताच चालू असतं. ते कातडी गुळगुळीत करतं, डोळे मोठे करतं आणि रंग उजळवतं. सावळ्या चेहऱ्यावर त्या उजळवण्याची तीच राखाडी झाक येते जी खनिज सनस्क्रीनची येते. तुम्ही म्हणताय ती 'धूळ' अर्धी ट्यूबमधली आणि अर्धी फोनमधली असावी, असा माझा दाट संशय आहे. त्यात फ्लॅश असेल तर बघायलाच नको. चेहऱ्यावरचं झिंक-टायटॅनियम आणि पावडर फ्लॅशचा उजेड जसाच्या तसा परत फेकतात. लग्नाच्या रिसेप्शनच्या फोटोंत चेहरा पांढराफटक आणि मान-हात सावळे दिसतात, ते त्यामुळे.

उजेड कुठला घ्यावा? दुपारचा नको. सूर्य डोक्यावर असताना डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात, रंग कुठलाही असो. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या बाजूला, खिडकीकडे थोडं तिरकं तोंड करून उभ्या राहा. उजेड एका बाजूने आला की गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर चमक येते. सावळ्या त्वचेची फोटोतली गंमत या चमकेतच असते. ती पावडर थापून मारू नका, फक्त घामाचा तेलकटपणा रुमालाने टिपून घ्या. मांडीवर पांढरी ओढणी पसरली तर तिच्यावरून उजेड खालून चेहऱ्यावर जातो आणि डोळ्यांखालचा काळेपणा बराच निवळतो. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर काढायचे असतील तर सूर्य मावळतीला टेकल्यावर, पाण्याकडे पाठ न करता. पाठ केली की तुमची नुसती आकृती उरणार. 'तुझ्या रंगाला पिवळा खुलत नाही' वगैरे ऐकलं असेलच. फोटोत गडद मोरपंखी, हळदी पिवळा, लाल हे सगळे सावळ्या रंगावर गोऱ्यापेक्षा जास्त खुलतात, हे माझं मत, आणि मी त्यावर वाद घालायला तयार आहे.

फोन हातभर अंतरावर धरला की नाकही मोठं दिसतं. साधारण ३० सेंटिमीटरवरून घेतलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसू शकतं, हे २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात गणिताने दाखवलेलं आहे. मुली असे फोटो दाखवून नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करतात! फोन टेबलावर टेकवा, टायमर लावा, मागचा कॅमेरा वापरा, चार पावलं लांब उभ्या राहा. शिवाय आपण आयुष्यभर स्वतःला आरशात उलटं पाहिलेलं असतं. फोटोतला सुलटा चेहरा आपल्यालाच परका वाटतो, बाकी कुणाला नाही. म्हणून काढल्या काढल्या डिलीट करू नका. रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी बघा. माझ्या पेशंटना मी उपचाराच्या सुरुवातीचा आणि तीन महिन्यांनंतरचा फोटो शेजारी ठेवून दाखवते, तेव्हा बऱ्याच जणी डागाऐवजी पहिल्यांदा आपलं हसू बघतात. हे मी मुद्दाम घडवत नाही.

स्थळांसाठी बायोडाटाचा फोटो काढायची वेळ आली तर स्टुडिओवाल्याला आधीच बजावा, "रंगाला हात लावायचा नाही." तो "थोडं फिनिशिंग करतो" म्हणेल. नको म्हणा. समोरचे बघायला येतील तेव्हा फोटोतली मुलगी वेगळी आणि दारात उभी वेगळी, हा प्रकार तुम्हालाच जड जातो. पण चेहऱ्याच्या विचाराने बाहेर जाणं टळत असेल, तास तास आरशासमोर जात असतील, तर तो सनस्क्रीनचा प्रश्न राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मी स्वतः पेशंट पाठवते, आणि त्यांना त्याचा फायदा झालेला पाहिलाय.

राहिली आईंची शंका. व्हिटॅमिन डीची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे, आणि मेलॅनिन जास्त असेल तर ते बनायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण त्यासाठी चेहराच उन्हात धरायला हवा असं नाही, हात आणि पाय चालतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन त्यासाठी कामाचं. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर वाळवणाला बसाल तेव्हा चेहऱ्याला सनस्क्रीन आणि दुपट्टा, बाह्या कोपरापर्यंत वर. मे महिन्यात अर्थात हे करू नका. आणि एकदा रक्त तपासून घ्या. कमी निघालं तर गोळ्या स्वस्त आहेत, फक्त मात्रा डॉक्टरला ठरवू द्या.